फोर-व्हील जीपनं पोळ्याला

जीप घ्यायची असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा ती कशाला हवी हे सोडून बाकी सगळ्या गोष्टींची चर्चा झाली. रंग कोणता, टप कापडी की पत्र्याचा, मागच्या फळीवर नाव कोणाचं घालायचं, आणि सगळ्यात मोठा वाद म्हणजे टू-व्हील घ्यायची की फोर-व्हील. पुण्याची माझी बहीण हे वाचणार, आणि तिला परभणी म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकातलं एक नाव एवढंच ठाऊक, म्हणून आधी सांगून टाकते. चाकं सगळ्याच जीपांना चार असतात. टू-व्हील जीपमध्ये इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना मिळतो, पुढची दोन नुसती ढकलली म्हणून फिरतात. फोर-व्हीलला एक जादा दांडा असतो. तो ओढला की चारही चाकं कामाला लागतात. हे ज्ञान मला माझ्या धाकट्या दिरांनी, भास्कर भावजींनी, चहाच्या कपबशा जमिनीवर फिरवून दिलं. त्यात एक बशी फुटली.

भावजींचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बी-बियाणाचं आणि खताचं दुकान आहे. घर ते मोंढा, मोंढा ते घर, हा त्यांचा रोजचा प्रवास. रस्ता डांबरी, सपाट. त्यावरची सगळ्यात अवघड जागा म्हणजे पोस्टापुढं बसणारी म्हैस, आणि तिला उठवायला हॉर्न पुरतो. पण जुन्या गाड्या विकणारा जो माणूस त्यांना भेटला होता, त्यानं दोन जीपा दारात आणून उभ्या केल्या, एक टू-व्हील, एक फोर-व्हील, आणि म्हणाला, साहेब, आठ दिवस चालवून बघा, मग बोला. भावजींना साहेब म्हणणारा हा जगातला पहिला माणूस. मला तर तिथंच कळलं की गाडी कोणतीही असो, ती आमच्याच गळ्यात पडणार.

येलदरी

टू-व्हीलची परीक्षा येलदरीला झाली. श्रावणातला रविवार होता. जिंतूरच्या पुढं रस्ता माळरानातून वर चढतो, आणि एका वळणावर पूर्णेचं अडवलेलं पाणी एकदम समोर येतं. आमच्या भागात एवढं पाणी बघायची डोळ्यांना सवय नाही, म्हणून क्षणभर सगळे गप्प बसले. भावजी सोडून. ते स्टेअरिंग कसं हलकं आहे यावर बोलत होते आणि हलकं असणं हा गाडीचा दोष आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

धरणाच्या खाली झोपड्यांतून मासे तळायचा वास येत होता. श्रावण असल्यामुळं आमच्यातला कोणी तिकडं जाणार नव्हता, पण भावजी वारा येईल त्या बाजूला तोंड करून बराच वेळ उभे होते. वासानं श्रावण मोडत नाही म्हणे. मी घरून धपाटे आणि दही आणलं होतं. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते पुढच्या सीटवरच बसून जेवले. त्यांचं कंबरेचं हाड मोडल्यापासून चढणं-उतरणं म्हणजे त्यांना शिक्षाच होती. काठी घेऊन अंगणात फिरत, तेवढंच.

परतताना भावजींनी हौसेनं जीप पाण्याच्या काठाला घातली आणि मागची चाकं ओल्या उतारावर जागच्या जागी फिरायला लागली. दोन कोळी आले, त्यांनी चाकाखाली एक पोतं आणि दोन दगड सारले, जीप बाहेर निघाली. एवढंच झालं. पण भावजींचं तोंड असं पडलं, जणू कोणी भर मोंढ्यात त्यांचा फेटा उडवला. "नापास," ते म्हणाले. आबा म्हणाले, निघाली की लगेच. पण आबांचं कोण ऐकतो.

परभणी

आता आबांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठीच झालं.

आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. तिथल्या पोळ्यात पहिला मान आमच्या घरचा. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावच्या सगळ्या बैलजोड्या वेशीबाहेर सजून उभ्या राहतात, आणि पहिल्यांदा आमची जोडी तोरणाखालून जाते. अट एकच. कासरा घरच्या कर्त्या माणसाच्या हातात पाहिजे. लेकाच्या नाही, नातवाच्या नाही. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत कर्ता आला नाही तर मान पुढच्या घरी जातो. मागच्या वर्षी आबा हाड मोडून परभणीत पडून होते, तेव्हा त्यांचे चुलतभाऊ किशनराव यांची जोडी पुढं गेली. एक साल चुकलं तर ती अडचण, दोन सालं चुकली तर तो रिवाज, असं आमच्या गावात धरतात. या वर्षीही आबा पोचले नाहीत, तर मान कायमचा किशनरावांच्या दारात.

माझं माहेर शहरातलं. वडील कचेरीत. आमच्याकडं पोळा म्हणजे मातीचे बैल पाटावर मांडायचे, पुरणपोळी खायची आणि दुपारी झोपायचं. म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा मला या मानापानाचं हसू आलं होतं. पण वर्षभर आबांना बघितलं आणि ते हसू गेलं. परभणीच्या घरात ओसरीवर बसून त्यांनी अंबाडीचा नवा कासरा स्वतः वळला होता. संध्याकाळी तो मांडीवर घ्यायचे, हात फिरवायचे, परत खुंटीला लावायचे.

माझे यजमान दोन दिवस आधीच एसटीनं गावी गेले. आबांना तसं नेणं शक्य नव्हतं. एक तर एसटीचा भरवसा उरला नव्हता. नामांतराचे दिवस, आज इथं बंद, उद्या तिथं रास्ता रोको. भिंतीच्या एका अंगाला एक घोषणा, दुसऱ्या अंगाला तिच्या उलट. ज्यानं जन्मभर शिका म्हणून सांगितलं, त्याचं नाव विद्यापीठाला द्यायला लोकांच्या पोटात का दुखावं, हे शाळेत शिकवत असूनही मला समजलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे एसटी फाट्यावर सोडते. एरवी तिथं गावची बैलगाडी येते. पण पोळ्याला गाडी कुठली? आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, त्याच्यापुढं हात जोडून म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. त्यानंतर त्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. ठेवणाऱ्याला गाव माणसात धरत नाही.

मी म्हटलं, आदल्या दिवशीच निघू. आबाही तेच म्हणाले. भावजी म्हणाले, वैनी, फोर-व्हील हाय. सकाळी निघू, दुपारच्या जेवनाला गावात. आदल्या दिवशी त्यांना दुकानापुढं चार ओळखीच्या लोकांना तो जादा दांडा दाखवायचा होता, हे मला मागाहून कळलं.

गंगाखेड

पोळ्याच्या सकाळी निघालो. म्हणजे सकाळी निघायचं ठरलं आणि ऊन चढल्यावर निघालो, कारण फोर-व्हील जीप थंडीवाऱ्याची पर्वा करत नसली तरी चालू व्हायला तयार नव्हती. गल्लीतल्या लोकांनी ढकलली. चारही चाकांना जोर असलेली गाडी माणसांनी ढकलताना बघायला शेजारणी दारात आल्या होत्या.

डांबरी रस्त्यावर तिचा गुण असा, की पाट्यावरवंट्यावर बसल्यासारखं वाटतं. स्टेअरिंग एवढं जड की वळण आलं की भावजी सीटवरून अर्धे उठायचे. डिझेल तर पाण्यासारखं पिते. हे सगळं त्यांना फार मर्दानी वाटत होतं. आबा मागं गादीवर पाय लांब करून, कासरा हातात धरून बसले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होते.

गंगाखेडला गोदावरी दोन्ही थड्या भरून वाहत होती. पुलावरून गढूळ पाणी बघताना मी हात जोडले. बाजारात पोळ्याचा शेवटचा माल निघाला होता. शिंगांना लावायचा हिंगूळ, रंगीत गोंडे, शिंगांच्या टोकांना घालायच्या पितळी शेंब्या, आरशाच्या झुली. बैलांसाठी माणसं किती निवडून निवडून घेतात ते बघावं. घरातल्या लेकीला लुगडं घेताना एवढं कोणी थांबत नाही. मी दोन गोंडे घेतले. हॉटेलात मिरचीची भजी आणि आटवलेला चहा झाला. भजी झकास होती, ते कबूल केलंच पाहिजे.

आणि तिथं भावजींना व्यापारातला एक दोस्त भेटला. मग जीपचं दर्शन सुरू झालं. दोस्ताचा भाऊ आला, भावाचा मेहुणा आला. सगळ्यांनी वाकून खाली बघितलं. सगळ्यांनी दांडा हलवून बघितला. सगळे म्हणाले, घ्यायची तर फोर-व्हीलच घ्या, आडरानात कुटं बी घाला, मागं बघायचं काम न्हाई. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाकडंही सायकलीपलीकडं वाहन नव्हतं. मी दोनदा उठले, तिसऱ्यांदा आबांनी काठी जीपच्या पत्र्यावर आपटली, तेव्हा कुठं आम्ही हललो. ऊन कलायला लागलं होतं.

राणीसावरगावच्या पुढं

राणीसावरगाव सोडलं की डोंगर जवळ येतात, पिकं डोळ्यात भरतात. त्या दिवशी शेतात चिटपाखरू नव्हतं. सगळीकडं ज्वारी, मूग, कापूस उभा, आणि माणूस एकही नाही. मला ते फार आवडलं. वर्षातून एक दिवस जमिनीलाही सुट्टी.

फाट्यावर दोन वाटा फुटतात. एक मुरमाची, डोंगराला वळसा घालून जाते. लांब आहे, पण कोरडी. दुसरी पांदण, सरळ रानातून, काळ्या मातीची. तिच्यातून पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा विचार करून जाते. आबा मागून म्हणाले, मुरमाच्या वाटनं घे. आणि माझी खात्री आहे, आमच्याखाली टू-व्हील असती, तर भावजींनी एक शब्द न बोलता मुरमाचीच वाट धरली असती आणि हे प्रवासवर्णन इथंच पुरणपोळीपाशी संपलं असतं. पण फोर-व्हील घेऊन मुरमावरून जायचं म्हणजे त्यांच्या मते पैलवानानं चिमट्यानं लिंबू उचलण्यासारखं. त्यांनी तो दांडा ओढला. माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. आणि पांदणीत घातली.

चालली की! सुरुवातीला खरंच चालली. दोन्ही बाजूंना चिखल उडवत, घुरघुरत, वाकडीतिकडी का होईना, पण चालली. भावजी स्टेअरिंगवर थाप मारून म्हणाले, "बगा वैनी. येलदरीची असती तर काठालाच बसली असती."

हे वाक्य त्यांनी पांदणीच्या बरोबर मधोमध उच्चारलं. पुढं ओढ्याचं पाणी मुरलं होतं. काळ्या मातीला जोर किती चाकांना आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. ती आधी चाकाच्या खाचा भरते, मग चाकच गुळगुळीत लाडू होऊन बसतं. दोन चाकं असती तर दोन लाडू झाले असते, इथं चार झाले. जीप फिरली, तिरकी झाली आणि पोटावर बसली. भावजींनी दांडा पुढं केला, मागं केला, आणखी एक दांडा होता तोही हलवला. चारही चाकं इमानानं खाली खणत राहिली. टू-व्हील काठावर फसते, माणसं हात देऊन काढतात. फोर-व्हील माणसाला मधोमध नेऊन फसवते, तिथं कोणी येत नाही. आठ दिवसांच्या परीक्षेतून मिळालेलं ज्ञान हे एवढंच.

समोर गाव दिसत होतं. वेशीबाहेरची गर्दी, झुलींचे रंग, हलगीचा आवाज, सगळं दिसेल, ऐकू येईल इतकं जवळ. आबांनी टपाच्या फटीतून एकदा गावाकडं बघितलं आणि एकदा सूर्याकडं.

तेवढ्यात बांधावरून आमच्या गावचा म्हादू आपली जोडी वेशीकडं घेऊन निघालेला दिसला. उशीर झाल्यामुळं झपाझप चालला होता. शिंगं लाल, अंगावर गेरूचे ठसे, खांद्यावर कालची हळद. भावजी दारातून अर्धे बाहेर लोंबकळून त्याला हाका मारायला लागले, की जोडी इकडं आण, दोर लाव, पाच मिनिटांचं काम आहे. म्हादू थांबला. त्याला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग तो नुसता आपल्या बैलाच्या खांद्यावरच्या हळदीवर हात ठेवून उभा राहिला. भावजी म्हणाले, अरे जू कुटं ठेवायचं, नुसता दोर लावायचा. बी-बियाणाच्या दुकानात बसून बसून माणूस काय विसरेल याला सुमार नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं बैलही दुसऱ्याचा मागत होता.

मागून आबांचा आवाज आला. वर्षभरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"भास्कर, गप बस. म्हादू, तू जा बाबा, तुला उशीर व्हायलाय."

भावजी कळवळून म्हणाले, आबा, मग मान जाईल. सूर्य टेकायलाय.

"जाऊ दे. बैलाला जुपून बैलाचा मान घ्यायचा? असला मान काय करायचाय?"

म्हादू गेला. आबांनी कासऱ्याची गुंडाळी केली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. मला भावजींचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या दांड्याचा राग आला, गंगाखेडच्या मेहुण्याचा राग आला. आणि राग आला की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

"भावजी," मी म्हटलं, "चार चाकं बघितली. आता तुमचे दोन पाय दाखवा. आबांना पाठीवर घ्या."

त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं. पांढरे बूट, पांढरी पँट. सिनेमाला निघाल्यासारखा सजून पोळ्याला निघालेला आमच्या घराण्यातला हा पहिलाच माणूस. मला वाटलं, आता काहीतरी सबब निघणार. पण ते उतरले. गुडघ्यापर्यंत आत गेले, बूट तिथंच राहिले, ते शोधलेही नाहीत. वळून पाठ करून वाकले. आबांनी सूर्याकडं बघितलं, कासऱ्याकडं बघितलं, आणि दोन्ही हात पुढं केले.

आबा म्हणजे आता नुसती हाडं आणि वर फेटा, पण काळ्या मातीत हाडंही जड होतात. मी मागून त्यांची काठी, गोंडे आणि माझं लुगडं सावरत निघाले. माझी एक चप्पल पहिल्या पावलाला गेली, दुसरी मीच भिरकावून दिली. भावजी दर दहा पावलांना थांबत होते, धापा टाकत होते. दोनदा गुडघ्यावर आले. आबांना मात्र त्यांनी खाली टेकू दिलं नाही. वर्षानुवर्षं गादीवर बसून वाढवलेलं ते शरीर एवढं चालेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना वाटेत दोन-चार शब्द ऐकवणार होते. ऐकवले नाहीत.

वेस

वेशीत किशनराव आपली जोडी घेऊन अगदी पुढं उभे होते. बाजूला माझे यजमान आमची जोडी धरून, तोंड एवढंसं करून. सूर्य डोंगराच्या अगदी वर, एक वीत राहिला असेल. हलगीवाले थांबले. सगळ्या गावानं मागं वळून बघितलं. कमरेपर्यंत काळे झालेले भास्कर भावजी आणि त्यांच्या पाठीवर पांढराशुभ्र फेटा बांधलेले आबा.

किशनराव काही वाईट माणूस नाहीत, पण वर्षभर मनानं खाल्लेला घास तोंडातून निघतोय म्हटल्यावर कोण सोडेल? ते मोठ्यानं म्हणाले, "आबा, पोळ्याला हा कोणता बैल आणलाव?"

लोक खिदळले. आबांनी भावजींच्या पाठीवरूनच उत्तर दिलं.

"घरचाच हाय किशन. लय दिवस नुसता गव्हाणीला खायलाता, आज कामाला लावला."

मग जे हसू झालं, त्यात किशनरावही सापडले. हसता हसता त्यांनी आपली जोडी चार पावलं मागं घेतली. आबांना खाली उतरवलं, एका हाताला काठी, दुसऱ्या हातात नवा कासरा. आमची जोडी तोरणाखालून गेली तेव्हा कासरा त्यांच्याच हातात होता. मी दारात औक्षण केलं, बैलांना पुरणपोळी भरवली, आणि हुंदका आला तो बैलाच्या मानेआड लपवला.

घर

जेवणं झाली. येळवणीची आमटी, कुरडया, पोळीवर तुपाची धार. भावजी भिंतीला टेकून बसले होते. खांदे सुजले होते, हात वर होत नव्हता. जीप पांदणीतच होती आणि उद्यापर्यंत तिथंच राहणार होती, कारण बैल कोणी देणार नव्हतं आणि माणसं पोळी खाऊन आडवी झाली होती. अंधार पडायच्या आत वेशीतून बघून आलेली पोरंटोरं सांगत होती की टपावर कावळे बसले होते.

ओसरीवर कालच्या खांदेमळणीची वाटी तशीच होती, हळद आणि तूप. आबांनी ती मागवून घेतली. भावजींना म्हणाले, सदरा काढ, हितं बस. भावजी बसले. आबा हळद-तूप घेऊन त्यांच्या उजव्या खांद्याला चोळायला लागले. सगळं घर तोंड दाबून बघत होतं.

भावजींनी खालमानेनं विचारलं, "आबा, जीपचं काय करू?"

"टू-व्हील घे. तुज्यासारख्याला काठावर फसनारीच बरी."

मग दोन्ही हात त्या खांद्यावर ठेवून, बैलांना म्हणतात त्याच सुरात आबा म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मी हसू आवरायला पदर तोंडात धरला. भावजी हसले नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि दुसरा खांदा आपणहून पुढं केला.